युंग विंग : एकशे वीस मुलांना सातासमुद्रापार नेणारा शिक्षणवेडा

शिक्षणासाठी परदेशी जाणे ही आता शहरी घरांत नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. विद्यार्थ्यांची देवाणघेवाण केल्याने दोन समाज एकमेकांना ओळखू लागतात, हेही आज जवळपास गृहीत धरले जाते. दीडशे वर्षांपूर्वी मात्र हा विचार धाडसाचा होता. चीनच्या सम्राटाच्या दरबाराने १८७२ ते १८७५ या काळात १२० मुलांना सरकारी खर्चाने अमेरिकेत शिकण्यास पाठविले. पंधरा वर्षे चालावयाची ही योजना जेमतेम नऊ वर्षांत गुंडाळण्यात आली. तरीही आधुनिक चीनच्या जडणघडणीत तिने उमटविलेला ठसा पुसला गेला नाही. या योजनेमागे एका माणसाचा अठरा वर्षांचा ध्यास होता. त्याचे नाव युंग विंग. चीनमध्ये तो रोंग होंग या नावाने ओळखला जातो आणि परदेशात शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांच्या परंपरेचा जनक मानला जातो.

मकावजवळच्या खेड्यातून

युंग विंगचा जन्म १७ नोव्हेंबर १८२८ रोजी पोर्तुगीजांच्या ताब्यातील मकावपासून जवळच असलेल्या नानपिंग या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची. त्या काळी होतकरू मुलाने कन्फ्यूशियसचे ग्रंथ मुखोद्गत करावेत, सरकारी परीक्षा द्यावी आणि अधिकारी व्हावे, हा प्रतिष्ठेचा राजमार्ग होता. युंगच्या वडिलांनी मात्र सात वर्षांच्या मुलाला मकाव येथे एका मिशनरी बाईंच्या इंग्रजी शाळेत घातले. परक्यांशी व्यापार वाढतो आहे, तेव्हा इंग्रजी येणाऱ्या मुलाला दुभाष्याची नोकरी मिळेल, इतकाच त्यामागचा व्यवहारी हिशेब असावा.

मुलाला ही शाळा रुचली नाही. काही मुलींना सोबत घेऊन होडीतून पळून जाण्याचा बेत त्याने रचला. तो फसला आणि सर्वांना डोक्यावर उंच कागदी टोपी घालून वर्गातील टेबलावर उभे राहण्याची शिक्षा झाली. १८४० मध्ये वडील वारले. त्यानंतर युंगने गोड खाऊ विकला, कापणी झालेल्या शेतातील भाताच्या लोंब्या वेचल्या आणि छापखान्यात कागदाच्या घड्या घालण्याचे कामही केले. १८४१ मध्ये त्याला मकावच्या मॉरिसन शाळेत प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी ती शाळा हाँगकाँगला हलविण्यात आली.

या शाळेचे मुख्य शिक्षक सॅम्युअल रॉबिन्स ब्राऊन हे येलचे पदवीधर होते. प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतण्याची वेळ आली, तेव्हा काही विद्यार्थ्यांना बरोबर नेण्याची इच्छा त्यांनी वर्गात बोलून दाखविली. वाँग शिंग, वाँग फून आणि युंग विंग असे तिघे उभे राहिले. युंगच्या आईने डोळ्यांत पाणी आणून संमती दिली. जानेवारी १८४७ मध्ये चहाने भरलेल्या ‘हन्ट्रेस’ या जहाजातून ही मंडळी निघाली आणि ९८ दिवसांच्या प्रवासानंतर न्यूयॉर्कला पोहोचली.

येलचा पहिला चिनी पदवीधर

मॅसॅच्युसेट्समधील मन्सन अॅकॅडमी या शाळेत तिघांचे शिक्षण सुरू झाले. वाँग शिंग आजारपणामुळे लवकर परतला. वाँग फून पुढे एडिंबरो येथे वैद्यकशास्त्र शिकला. युंगने येलला जाण्याचे ठरविले, पण पैशांचा प्रश्न होता. शिक्षणानंतर मिशनरी म्हणून चीनमध्ये काम करण्याची हमी दिल्यास खर्च मिळू शकेल, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ही अट नाकारली. देशाच्या उपयोगी पडण्याचे मार्ग अनेक असू शकतात आणि विद्यार्थिदशेत त्यांतील एकालाच बांधून घेणे योग्य नाही, अशी त्याची धारणा होती. त्याने स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, हे पाहता या नकाराचे मोल अधिकच वाटते. अखेर जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना येथील एका महिला मंडळाने मदतीचा हात दिला.

येलमध्ये गणिताने त्याला घाम फोडला. इंग्रजी निबंधलेखनात मात्र त्याने दुसऱ्या वर्षी पारितोषिके मिळविली. एका भोजनगृहाची व्यवस्था पाहून तो जेवणखर्च भागवीत असे. १८५२ मध्ये त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १८५४ मध्ये तो पदवीधर झाला. अमेरिकेतील विद्यापीठाची पदवी मिळविणारा तो पहिला चिनी विद्यार्थी होय.

पदवी हाती येण्यापूर्वीच त्याच्या मनात एक विचार पक्का झाला होता. आपल्याला जे मिळाले, ते चीनमधील पुढच्या पिढीतील मुलांनाही मिळाले पाहिजे. पाश्चात्त्य शिक्षणाच्या बळावरच चीन पुन्हा उभा राहील, अशी त्याची श्रद्धा होती.

मायभूमीत परका

१८५४ च्या अखेरीस युंग परतीच्या प्रवासाला निघाला. हाँगकाँगजवळ जहाजावर चिनी वाटाड्या आला. जवळपास खडक आहेत का, हे त्याला विचारण्यास कप्तानाने युंगला सांगितले, तर त्याला चिनी शब्दच आठवेनात. आठ वर्षांत मातृभाषा जिभेवरून उतरली होती. घरी त्याने आईला पदवीचा कागद दाखविला. याचे पैसे किती मिळतात, असा साधा प्रश्न त्या माउलीने विचारला. थोरल्या भावाने अजून मिशी राखलेली नसताना धाकट्याने ती राखावी, हेही तिला पटले नाही. युंगने त्याच दिवशी मिशी उतरविली.

कँटन येथे राहून तो मातृभाषा नव्याने शिकू लागला. ते ताइपिंग बंडाचे दिवस होते. १८५५ च्या उन्हाळ्यात तेथील सुभेदाराने बंडखोर ठरवून हजारोंची मुंडकी उडविली. युंग एकदा वधस्थळाजवळ गेला आणि तेथील रक्तमांसाचा चिखल पाहून सुन्न झाला. १८६० मध्ये त्याने बंडखोरांची राजधानी नानजिंग गाठून त्यांच्यापुढे शाळा, बँका आणि शिस्तबद्ध सैन्य उभारण्याच्या सूचना ठेवल्या. परंतु या मंडळींच्या हातून देशाचे भले होणार नाही, हे ओळखून तो परतला. मधल्या काळात त्याने दुभाष्याचे काम केले, जकात खात्यात नोकरी केली आणि चहाचा व्यापारही करून पाहिला.

१८६३ मध्ये ताइपिंग बंड मोडून काढण्याची जबाबदारी असलेला बडा सरदार झेंग गुओफान याने त्याला भेटीस बोलाविले. यंत्रे तयार करणारी यंत्रे आणण्यासाठी युंगला अमेरिकेत पाठविण्यात आले. मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्गच्या कारखान्यात बनलेली ही सामग्री शांघायच्या जिआंगनान शस्त्रशाळेत बसविण्यात आली. युंगला सरकारी हुद्दा मिळाला आणि दरबारी वर्तुळात त्याच्या शब्दाला वजन आले.

विद्यार्थ्यांची योजना मात्र त्याने सोडली नव्हती. १८७० मध्ये तिआनजिन येथे परदेशी धर्मोपदेशकांची हत्या झाली. त्या प्रकरणाच्या वाटाघाटींसाठी झेंग गुओफान आणि इतर उच्चाधिकारी एकत्र आले असताना युंगच्या योजनेची शिफारस करण्याचे ठरले. झेंग आणि ली होंगझांग यांच्या अर्जाला दरबाराने मान्यता दिली. दुर्दैवाने मार्च १८७२ मध्ये, पहिली तुकडी निघण्याच्या काही महिने आधी, झेंगचे निधन झाले.

न्यू इंग्लंडच्या घरांत

दरवर्षी तीस याप्रमाणे चार वर्षांत १२० मुले पाठवावयाची, प्रत्येकाने पंधरा वर्षे शिकावे आणि परतून सरकारी सेवेत रुजू व्हावे, असे योजनेचे स्वरूप होते. देखरेखीसाठी जुन्या परंपरेतील विद्वान अधिकारी चेन लानबिन आणि नव्या विद्येचा युंग विंग अशा दोघांची नेमणूक झाली. दोन्ही विचारांचा तोल साधावा, हा हेतू होता. पुढील संघर्षाचे बीजही याच जोडीत पेरले गेले.

पहिल्या तुकडीसाठी मुले मिळेनात. पंधरा वर्षांत मुलाचे काही बरेवाईट झाल्यास सरकार जबाबदार नाही, अशा कागदावर पालकांना सही करावी लागत होती. सुखवस्तू घराण्यांनी पाठ फिरविली. युंगला स्वतः हाँगकाँगच्या इंग्रजी शाळांत जाऊन जागा भराव्या लागल्या. बहुतांश मुले दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतातील, बारा-तेरा वर्षांच्या आसपासची होती. ऑगस्ट १८७२ मध्ये पहिली तुकडी शांघायहून निघाली.

मुलांना एका वसतिगृहात न ठेवता कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स राज्यांतील कुटुंबांत थोडी थोडी वाटून देण्याचा निर्णय या योजनेचा प्राण ठरला. डॉक्टर, शिक्षक, पाद्री अशा मध्यमवर्गीय घरांत ही मुले राहिली. लांब रेशमी झगे आणि पाठीवर वेणी पाहून रस्त्यावरील पोरे त्यांना मुली समजून चिडवीत. हळूहळू झगे जाऊन कोट-पाटलोण आली, वेणी सदऱ्याच्या आत खोचली जाऊ लागली. मुले बर्फावर घसरायला, बेसबॉल खेळायला आणि वादविवाद सभा गाजवायला शिकली. ठराविक काळाने त्यांना हार्टफर्ड येथील मुख्य कार्यालयात येऊन चिनी ग्रंथांचा अभ्यास करावा लागे आणि सम्राटाच्या दिशेने वंदन करावे लागे.

शिकणे एकतर्फी नव्हते. चिनी माणसाविषयी ऐकीव गोष्टींपलीकडे काही माहीत नसलेल्या अमेरिकन घरांत ही मुले जेवणाच्या टेबलावर बसत होती, घरच्या मुलांबरोबर भांडत होती, आजारी पडल्यावर त्या घरातील बाईकडून शुश्रूषा करून घेत होती. यांतून जुळलेले स्नेहसंबंध पुढे पत्रांतून अनेक वर्षे टिकले. युंगने १८७५ मध्ये हार्टफर्डच्या मेरी केलॉग हिच्याशी विवाह केला. त्याचे स्नेही जोसेफ ट्विचेल या पाद्रीमहाशयांनी तो लावला. त्यांना मॉरिसन आणि बार्टलेट हे दोन मुलगे झाले. १८७६ मध्ये येलने युंगला सन्माननीय पदवी दिली आणि १८७८ मध्ये त्याने आपला चिनी ग्रंथसंग्रह येलला अर्पण केला.

याच सुमारास त्याने आणखी एक मोठे काम केले. पेरू देशात नेलेल्या चिनी मजुरांच्या हालअपेष्टांची चौकशी करण्यासाठी १८७४ मध्ये तो तेथे गेला. फटक्यांनी सोललेल्या पाठींची छायाचित्रे त्याने पुरावा म्हणून आणली. पेरूला मजूर नेऊ देण्याच्या वाटाघाटींत हा पुरावा चीनच्या हाती आला.

संशयाचे सावट

चेन लानबिन आणि त्याच्यानंतर आलेले अधिकारी मुलांकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. मुले गुडघे टेकून नमस्कार करण्यास कचरतात, चिनी अक्षरे विसरतात, रविवारी चर्चमध्ये जातात, काहींनी वेणी कापली, अशा तक्रारी पेकिंगला जाऊ लागल्या. १८७० च्या दशकाअखेर आलेल्या वू झिदेंग याने तर मुले चीनची राहिलेलीच नाहीत, असा निष्कर्ष काढून योजना बंद करण्याची मागणी केली. युंग मुलांची बाजू घेतो आणि त्यांना मोकाट सोडतो, हा ठपकाही त्याच्यावर होता.

या तक्रारी अगदीच निराधार नव्हत्या. मुले बदलली होती. बारा वर्षांचे मूल परक्या घरी ठेवायचे आणि त्याने तेथून फक्त यंत्रविद्या उचलावी, बाकी सारे उंबरठ्याबाहेर ठेवून यावे, अशी दरबाराची अपेक्षा होती. युंगला ती अशक्य वाटत होती, कारण तो स्वतः त्याच वाटेने गेला होता. मातृभाषा गमावून ती पुन्हा मिळविलेल्या या माणसाला बदलाची किंमत ठाऊक होती आणि ती मोजूनही देशप्रेम शाबूत राहते, याचा दाखला तो स्वतःच होता.

दोष केवळ पेकिंगचा नव्हता. अमेरिकेच्या सरकारी शिक्षणसंस्थांत चिनी विद्यार्थ्यांना इतर मित्रराष्ट्रांच्या नागरिकांप्रमाणे प्रवेश मिळेल, असे १८६८ च्या बर्लिंगेम कराराने मान्य झाले होते. युंगने लष्करी आणि नाविक विद्यालयांसाठी अर्ज केला, तेव्हा चिनी विद्यार्थ्यांसाठी तेथे जागा नाही, असे उत्तर आले. कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्ध हिंसक चळवळ पेटली होती. न्यू इंग्लंडमधील घरे चिनी मुलांना आपली मानत असताना त्याच देशाचे सरकार चिनी माणसाला दारे बंद करू पाहत होते. या नकाराने ली होंगझांगसारख्या पाठीराख्याचाही उत्साह मावळला.

ट्विचेल आणि लेखक मार्क ट्वेन यांनी माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना गाठले. ग्रँट यांनी ली होंगझांगला पत्र लिहिले. येलच्या अध्यक्षांसह अनेक शिक्षणतज्ज्ञांनी विनंतीपत्र धाडले. निर्णय काही काळ लांबला, पण टळला नाही. १८८१ मध्ये सर्वांना परत बोलाविण्यात आले. तोवर साठहून अधिक मुले महाविद्यालयांत वा तंत्रशाळांत पोहोचली होती, परंतु पदवी पूर्ण झाली होती ती केवळ दोघांची. परतीच्या वाटेवर कॅलिफोर्नियात ओकलंड येथील संघाने त्यांना बेसबॉलच्या सामन्याचे आव्हान दिले. चिनी मुलांनी तो सामना जिंकला आणि मग ती जहाजात बसली. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना प्रवेशबंदी आणि चिनी व्यक्तींना नागरिकत्व नाकारणारा कायदा अमेरिकेने केला.

परतलेल्यांनी काय केले?

शांघायला त्यांचे स्वागत झाले ते संशयाने. एका जुन्या इमारतीत त्यांना पहाऱ्यात ठेवण्यात आले. अभ्यासाचा विषय न पाहता कोणाला तारखात्यात, कोणाला नौदलात, कोणाला खाणींत धाडण्यात आले. १८८४ मध्ये फ्रेंचांशी आणि १८९४ मध्ये जपानशी झालेल्या नाविक लढायांत त्यांच्यातील काहींनी प्राण दिले. ती चीनची राहिली नाहीत, या आरोपाला याहून स्पष्ट उत्तर असू शकत नाही.

जे उरले, त्यांची कर्तबगारी दिसायला वीस-पंचवीस वर्षे लागली. येलमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या झान तियानयूने पेकिंग ते झांगजिआको हा सुमारे २०० किलोमीटरचा रेल्वेमार्ग परदेशी अभियंत्यांविना बांधला. डोंगराळ मुलखातील हा मार्ग १९०९ मध्ये सुरू झाला. तांग शाओयी १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला. इतर अनेकांनी रेल्वे, तारायंत्रे, खाणी, नौदल आणि परराष्ट्र खाते सांभाळले.

यांतील लियांग चेंगचे काम योजनेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. शाळकरी वयात बेसबॉल खेळणारा हा मुलगा १९०३ मध्ये चीनचा वकील म्हणून वॉशिंग्टनला गेला. बॉक्सर बंडानंतर चीनवर लादलेल्या नुकसानभरपाईत अमेरिकेने प्रत्यक्ष हानीपेक्षा जास्त रक्कम घेतल्याचे दिसून आले, तेव्हा जादा रक्कम परत मिळावी यासाठी त्याने चिकाटीने प्रयत्न केले. १९०८ मध्ये अमेरिकेने ती परत करण्यास मान्यता दिली. त्या पैशांतून १९०९ मध्ये ४७ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी अमेरिकेस रवाना झाली आणि १९११ मध्ये पेकिंगला पूर्वतयारीची शाळा निघाली. हीच आजची त्सिंगहुआ युनिव्हर्सिटी. युंगच्या मुलांपैकीच एक, तांग गुओआन, तिच्या सुरुवातीच्या प्रमुखांपैकी होता. १८८१ मध्ये बंद केलेले दार अशा रीतीने त्याच मुलांच्या हातून पुन्हा उघडले.

दोन देशांच्या मध्ये

युंगच्या वाट्याला मात्र उतारवयात फारसे सुख आले नाही. योजना मोडली, त्यानंतर पाच वर्षांनी, १८८६ मध्ये, मेरी निवर्तली. दोन लहान मुलांना वाढविण्यात त्याने स्वतःला गुंतवून घेतले. जपानशी युद्ध झाल्यावर तो चीनला गेला आणि राष्ट्रीय बँक, रेल्वे अशा योजना त्याने मांडल्या. त्या कागदावरच राहिल्या. १८९८ च्या सुधारणावादी चळवळीत त्याने भाग घेतला. ती चिरडली जाताच त्याला पेकिंगमधून निसटावे लागले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याचे ४६ वर्षांपूर्वीचे नागरिकत्व मान्य करता येत नसल्याचे कळविले. चीनच्या दरबाराला तो बंडखोर वाटत होता आणि अमेरिकेच्या लेखी तो केवळ एक चिनी माणूस होता. येलचा मानकरी, अमेरिकन पत्नीचा पती आणि अमेरिकेत जन्मलेल्या दोन मुलांचा बाप असूनही त्याला त्या देशात राहण्याचा हक्क उरला नव्हता. १९०२ मध्ये धाकट्या मुलाचा येलमधील पदवीदान समारंभ पाहण्यासाठी तो गाजावाजा न करता सॅन फ्रान्सिस्कोमार्गे अमेरिकेत शिरला आणि हार्टफर्डलाच राहिला. १९०९ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

१९११ च्या क्रांतीने राजेशाही संपली. नव्या प्रजासत्ताकाचे नेते सन यत्सेन यांनी वृद्ध युंगला मायदेशी येण्याचे निमंत्रण दिले, पण प्रकृती साथ देत नव्हती. २१ एप्रिल १९१२ रोजी हार्टफर्ड येथे त्याचे निधन झाले. तेथील सीडर हिल दफनभूमीत, मेरीच्या सान्निध्यात, तो विसावला आहे. त्याने जहाजातून आणलेल्या मुलांपैकी तांग शाओयी त्या दिवशी चीनचा पंतप्रधान होता.

विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा हिशेब वर्षा-दोन वर्षांत मांडता येत नाही, हे युंगच्या चरित्रावरून दिसते. पेकिंगच्या अधिकाऱ्यांनी तो नऊ वर्षांत मांडला आणि तोटा झाल्याचे ठरविले. दोन्ही सरकारांचा धीर सुटला, परंतु ज्या घरांनी मुलांना ठेवून घेतले आणि ज्या मुलांनी ती घरे आपली मानली, त्यांच्यातील विश्वास सुटला नाही. पुढील काळात चीन आणि अमेरिका यांचे संबंध अनेकदा ताणले गेले, तुटले आणि पुन्हा जुळले. विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून दोन्हीकडे आजही संशयाचे वारे वाहतात. अशा वेळी नानपिंगच्या त्या मुलाने पाहिलेले स्वप्न किती कष्टाने उभे राहिले आणि किती सहज मोडले गेले, याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.